अकरा ते अकरा चाळीस

नळ गळत होता आणि रविवारी लेक येणार होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे नानांच्या बुधवारी सकाळी लक्षात आलं आणि मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

लेक एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती आणि ती सगळी तिचं ऐकत असत, त्यामुळे बापानंही ऐकावं असं तिला वाटे. फोनवर तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, रविवारी येते. तुमचं एकट्याचं घर नीट चाललंय असं दिसलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही दिसलं, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मग 'बघू' चालणार नाही."

नाना 'बघू' म्हणायच्याच बेतात होते. त्यांनी तोंड मिटलं.

लेकीकडे वाईट काहीच नव्हतं. जावई चांगले होते. नानांसाठी वेगळी खोली होती आणि त्या खोलीला खिडकी आहे, हे जावयांनी तीन वेळा सांगितलं होतं. खिडकी तीन वेळा सांगावी लागते, म्हणजे खोलीबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नसावं, असं नानांचं मत झालं. पण खरं कारण ते नव्हतंच. या घरात रात्री पाणी प्यायला उठलं तर त्यांना दिवा लावावा लागत नसे. इथंच राहायला त्यांना एवढं कारण पुरत होतं, पण ते मेट्रनला सांगण्यासारखं नव्हतं.

तेव्हा घर नीट दिसायला हवं होतं. बाकी घर ठाकठीक होतं. फक्त स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सिंकमध्ये टप्, मग विचार केल्यासारखा थोडा वेळ, मग पुन्हा टप्. येणारा माणूस दुसरं काही बघणारच नाही, अशी त्याची तऱ्हा होती.

नानांची सगळी नोकरी बसगाड्यांच्या वेळापत्रक विभागात गेली होती. कुठली गाडी किती वाजता सुटणार आणि किती वाजता पोचणार, ते कागदावर आखायचं काम. गाड्या उशिरा सुटत, उशिरा पोचत, काही पोचतही नसत. वेळापत्रक मात्र कधी चुकलं नाही. गाडी चुकली तर तो गाडीचा दोष, असं नाना निरोप समारंभाच्या भाषणातही म्हणाले होते. ड्रायव्हर मंडळींनी त्यावर टाळ्या वाजवल्या नव्हत्या. इमारतीत त्यांना मागून 'टाइमटेबल' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळत नसे.

बायकोचं अगदी उलट. तिनं मनगटाला घड्याळ बांधलं ते लग्नात, फोटोपुरतं. तिचा दिवस 'आधी' आणि 'नंतर' यांच्यावर चाले. दूध तापल्यावर, ऊन ओट्यावर यायच्या आधी, शेजारच्या वहिनींची धुण्याची मशीन थांबेपर्यंत. नाना विचारायचे, "म्हणजे किती वाजता?" ती म्हणायची, "म्हणजे त्यानंतर." हा वाद त्यांनी संसारभर घातला. कोणी जिंकलं नाही.

ती गेली तेव्हा इस्पितळात वेळ लिहून घ्यायची होती. नानांनी सवयीनं घड्याळ बघितलं आणि मिनिटापर्यंत बरोबर वेळ सांगितली. पुढे त्या वेळेचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

असो. नळाचं बोलू.

प्लंबरचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. पण दुकानात तो क्वचितच सापडे, म्हणून नानांनी फोन केला.

"येतो की नाना. हातातलं काम झाल्यावर."

"किती वाजता होईल?"

"झालं की कळेलच ना."

"अंदाजे?"

"अंदाजे म्हणजे... जेवणाच्या आधी. नाहीतर मग नंतर."

नानांनी फोन ठेवला. या उत्तरात सगळा दिवस मावत होता आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. इतकी बिनचूक नोंद वेळापत्रक विभागातही कोणी केली नव्हती.

ते दाराकडे तोंड करून बसले. आंघोळीला जावं तर नेमका प्लंबर येईल, म्हणून आंघोळ राहिली. दाढी अर्धी करून बेलचा भास झाला म्हणून उठले, ती अर्धीच राहिली. संध्याकाळी कचऱ्याची पिशवी साठली, तेव्हा ती टाकायला ते खाली गेले. गेले आणि आले, एवढंच. जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या.

"भाऊजी, प्लंबर येऊन गेला हो."

"कधी?"

"आत्ता. तुम्ही जायच्या आणि यायच्या मध्ये."

"थांबवायचं ना त्याला!"

"थांबवत होते. म्हटलं, आत असतील, गाल तर अर्धाच झालाय त्यांचा. तर म्हणाला, परत येईन."

नानांनी गालावर हात ठेवला. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला वाट बघायला लावली नाही, त्याच्याकडे येऊन कोणी दार बंद असल्याचं सांगत निघून जावं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

"तुमचं चुकतं काय, सांगू का?" वहिनी म्हणाल्या. वहिनींना सांगायचं असलं की त्या आधी परवानगी मागत, पण मिळेपर्यंत थांबत नसत. "त्याला वेळ विचारायचीच नाही. वेळ विचारली की बिचाऱ्याला खोटं बोलावं लागतं. कशानंतर येतोस, ते विचारायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाकडचं काम झाल्यावर. मग त्या घरी जाऊन बसायचं आणि त्याला तिथूनच उठवून आणायचं. आमच्या न्हाणीघराचे नळ मी असेच बसवून घेतले. कुठल्याशा एका आजींच्या घरी दोन दिवस बसले होते. आजींना आधी वाटलं मी प्लंबरची कोणी आहे. आता किती मैत्री झालीय आमची! दर आठवड्याला फोन असतो."

नानांना नवी मैत्री नको होती. त्यांना नळ हवा होता.

गुरुवारी प्लंबर न बोलावता आला. सिंकसमोर उभा राहिला आणि आजाऱ्याकडे बघावं तसं नळाकडे बघत म्हणाला, "हा कोणी बसवला?"

"तूच."

"मग बरोबर. चांगला टिकला."

सिंकखाली वाकून तो पाणी बंद करायचा कॉक फिरवायला लागला. कॉक फिरेना. त्यानं पाना लावला, पाय भिंतीला टेकवला, तोंडानं काहीतरी पुटपुटला, आणि कडक् आवाज झाला. कॉकची मूठ त्याच्या हातात आली होती. आता नळ गळत नव्हता, वाहत होता. बारीक धार, पण अखंड.

"हे असं व्हायला नको होतं," प्लंबर म्हणाला. ते दुसऱ्याच कुणीतरी केलंय आणि आपण फक्त हळहळायला आलोय, अशा सुरात. त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली, नळाला मलमपट्टी केली आणि हात पुसले. "आता गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय काही होत नाही. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे."

इमारतीचे सेक्रेटरी निवृत्तीआधी कुठल्याशा कचेरीत होते आणि निवृत्तीनंतरही त्यांनी कचेरी सोडली नव्हती. फक्त ती घरी आणली होती. नाना गेले तेव्हा ते टेबलाशी बसले होते आणि नाना येताना दिसत असूनही त्यांनी "कोण?" असं विचारलं.

"गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, तर नोटीस लागेल. आदल्या दिवशी. नोटिशीत कधीपासून कधीपर्यंत ते हवं. नियम आहे."

"कोणी केला?"

"मीच. पण नियम आहे."

"प्लंबर म्हणतो, काम सुरू झाल्यापासून होईपर्यंत."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "नाना, तुम्ही जाणते. 'होईपर्यंत' असं नोटिशीत कसं लिहिणार? लोक बादल्या घेऊन माझ्या दारात बसतील. मला आकडे द्या."

नानांना एकदम बरं वाटलं. आकडे मागणारा माणूस त्यांना किती तरी महिन्यांनी भेटला होता. दोघंही खुर्च्या ओढून बसले. सेक्रेटरी म्हणाले, "अकरा ते बारा?" नाना म्हणाले, "बारा कशाला? जुना नळ काढणं, साफसफाई, नवा बसवणं, तपासणी. चाळीस मिनिटांच्या वर लागायचं कारण नाही."

"अकरा ते अकरा चाळीस!" सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. "आजवर या इमारतीत चाळीसची नोटीस लागलेली नाही."

नोटीस नानांनी स्वतः लिहिली, डेपोच्या फळ्यावर लिहायचे त्या वळणदार अक्षरात. वेळेखाली तांबडी रेघ मारली. खाली जिन्याशी ती चिकटवून दोघं दोन पावलं मागे सरले आणि बारशाला आल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. 'शनिवारी सकाळी अकरा ते अकरा चाळीस पाणी बंद राहील.' त्यात एक शब्द जास्त नव्हता.

शुक्रवारी ती सगळ्यांनी वाचली.

"भाऊजी, अकरा म्हणजे माझी मशीन थांबायच्या आधी की नंतर?" वहिनींनी विचारलं.

"अकरा म्हणजे अकरा, वहिनी."

"ते झालं हो. पण आधी की नंतर?"

"तुमची मशीन किती वाजता थांबते?"

"कपडे झाल्यावर."

तळमजल्यावर पार्लर होतं. पार्लरताईंना मात्र नोटीस फार आवडली. "काका, शनिवारी माझ्याकडे केस रंगवायला येतात. रंग लावून चाळीस मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. अकराला लावला की अकरा चाळीसला पाणी हजर. तुमची नोटीस माझ्याचसाठी काढल्यासारखी आहे बघा."

नाना विरघळले. नोकरीभर वेळापत्रकं आखली, पण असं कौतुक कोणी केलं नव्हतं.

प्लंबरलाही त्यांनी फोन करून बजावलं, "शनिवारी अकरा. लिहून ठेव."

"लिहायचं काय त्यात नाना? दिसलं की येतोच."

काय दिसलं की, ते विचारायच्या आत फोन बंद झाला. घड्याळ दिसलं की, असणार. नानांनी विषय सोडला.

शनिवारी सकाळी ते पाणी भरायला लागले. चाळीस मिनिटांना एक तांब्या पुरला असता, पण नोटीस काढणाऱ्याच्याच घरी पाणी संपलं असं होता कामा नये. बादल्या भरल्या, कळश्या भरल्या, कुकर भरला. माळ्यावरची मोठी पातेली खाली काढली. पाहुणे आल्यावरच निघणारी ती पातेली; बायको गेल्यापासूनची धूळ त्यांच्यावर बसली होती. नानांनी ती धुतली आणि काठोकाठ भरून जमिनीवर ओळीनं मांडली. स्वयंपाकघरातून चालायचं तर एकेक पाऊल जपून टाकावं लागत होतं.

बाकीच्यांनीही हेच केलं. 'थोडा वेळ पाणी जाईल' असं लिहिलं असतं तर कोणी एक कळशी जादा भरली नसती. पण इतकी नेमकी वेळ वाचून प्रत्येकाला वाटलं, प्रकरण गंभीर आहे. साडेदहाला इमारतीतले सगळे नळ एकदम सुटले. गच्चीवरच्या टाकीनं होतं नव्हतं ते दिलं, आणि अकराला काही मिनिटं असताना नळ फुस्स करून गप्प झाले. खालच्या हौदात पाणी यायचं ते दुपारनंतर. म्हणजे बंद करायची वेळ आली तेव्हा बंद करायला पाणीच उरलं नव्हतं.

तरी सेक्रेटरींनी बरोबर अकराला गच्चीवर जाऊन रिकाम्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. त्यांचा नाइलाज होता. नोटीस लागली होती.

अकरा वाजून पाच. प्लंबर नाही. दहा. फोन उचलत नाही. सव्वाअकराला नाना तिरमिरीत खाली उतरले, रस्ता ओलांडला, आणि बघतात तर प्लंबर दुकानाबाहेर स्टुलावर आरामात बसलेला. हत्यारांची पिशवी मांडीवर, मान वर, नजर नानांच्या गॅलरीवर.

"अरे, काय करतोयस इथं?"

"वाट बघतोय."

"कसली?"

"पायपुसण्याची."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस उन्हात बसून बिघडला असावा, असं त्यांना वाटलं.

"मावशी टाकायच्या ना कठड्यावर," प्लंबर म्हणाला. मावशी म्हणजे नानांची बायको. "तुमच्या इमारतीत पाणी बंद करायचं काम निघालं की मावशी आधी सगळीकडे फिरायच्या. वहिनींची मशीन थांबली का, पार्लरमध्ये कोणाचं डोकं ओलं नाही ना, सगळ्यांचं पाणी भरून झालं ना. झालं की पायपुसणं गॅलरीच्या कठड्यावर. ते दिसलं की मी निघायचं. पायपुसणं काढलं की लोक समजायचे, झालं काम, पाणी आलं. हे कित्येक वर्षं चाललंय नाना. तुम्ही ड्यूटीवर असायचात."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही वेळ विचारली असती."

हे खरंच होतं. नाना म्हणाले, "पण आता कोण टाकणार पायपुसणं?"

प्लंबरनं पिशवीचा पट्टा उगीच सारखा केला. "ते डोक्यात आलंच नाही बघा. वर बघायची सवय."

नाना परत फिरले. जिना चढले, न्हाणीघराच्या दाराशी पडलेलं पायपुसणं उचललं आणि कठड्यावर टाकलं. ते ओलं होतं आणि त्यातून खालच्या गॅलरीत पाणी ठिबकलं. त्यांचा हात कठड्यावरून निघायच्या आत प्लंबरनं रस्ता ओलांडला होता.

आता काम सुरू झालं आणि भराभर व्हायला लागलं. जुना नळ निघाला. भिंतीत नुसतं पाइपचं तोंड राहिलं. प्लंबर त्यात वाकून बघत असताना घड्याळात अकरा चाळीस झाले आणि सेक्रेटरींनी नोटिशीप्रमाणे गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडला.

टाकीच्या तळाशी जे काही वर्षानुवर्षांचं होतं, ते पाइपमधून निघालं आणि प्लंबरच्या तोंडावर आलं.

"अहो, झालं नाही अजून!" तो ओरडला. पण गच्चीवर ते ऐकू जायचं काही कारण नव्हतं, आणि गेलं असतं तरी सेक्रेटरींनी घड्याळच दाखवलं असतं.

त्याच मिनिटाला तळमजल्यावर पार्लरताईंनी नळ सोडला. नळानं एक उसासा टाकला. आरशासमोरच्या खुर्चीत, डोक्याला रंग थापून आणि त्यावर प्लास्टिकची टोपी घालून, खुद्द सेक्रेटरीणबाई बसल्या होत्या.

पुढचं सगळं नानांच्या दारात घडलं. आधी पार्लरताई धावत आल्या, मागून सेक्रेटरीणबाई, मान पुढे काढून आणि दोन्ही हात लांब धरून, रंग कुठंही लागू नये अशा. त्यांच्यामागून वहिनी, साबणाच्या फेसानं भरलेल्या कपड्यांची बादली घेऊन; मशीन मध्येच थांबली होती, आधीही नाही आणि नंतरही नाही. त्यांच्यामागून सेक्रेटरी, हातात किल्ली आणि चेहऱ्यावर आपण नोटिशीप्रमाणे वागल्याचं समाधान, जे बायकोला बघताच उतरलं.

"पाणी!" सगळे एकदम म्हणाले. आपापल्या घरी भरलेलं पाणी प्रत्येकानं साडेअकराच्या आत कशाकशावर उडवून टाकलं होतं. अकरा चाळीसला येणारच होतं ना!

पाणी होतं फक्त नानांच्या जमिनीवर, ओळीनं मांडलेलं.

"थांबा," नाना म्हणाले. "सगळ्यांना मिळेल. आधी डोकं. डोकं झाल्यावर कपडे. वहिनी, डोक्याला फेस येणं बंद होईपर्यंत तुम्ही बादली दाराबाहेरच ठेवा. प्लंबरनं तोंड धुवायचं ते मध्ये. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही सगळ्यात शेवटी."

"मी का शेवटी?"

"तुम्ही व्हॉल्व्ह आधी उघडलात म्हणून."

सेक्रेटरीणबाई सिंकवर ओणव्या झाल्या. पार्लरताई डोकं चोळायला लागल्या आणि नाना मगानं पाणी घालायला लागले. सिंकमधून वाहणाऱ्या पाण्याचा रंग काही धीर देणारा नव्हता. सिंकखालून प्लंबर, अर्धा आत अर्धा बाहेर, "नाना, पाणी खाली येतंय" असं अधूनमधून सांगत होता.

"बाबा!"

दारात लेक उभी होती. खांद्याला प्रवासाची बॅग.

नानांचा मग हवेतच राहिला. "अगं, तू उद्या येणार होतीस!"

"म्हणूनच आज आले. उद्या आले असते तर आवरून ठेवलेलं घर दिसलं असतं. वॉर्डाची पाहणीही मी सांगून करत नाही." तिनं पातेल्यांची रांग बघितली, भिंतीतलं पाइपचं तोंड बघितलं, प्लंबरचे पाय बघितले. बॅग ठेवली, बाह्या सारल्या आणि पुढे होऊन बापाच्या हातातला मग घेतला. "किती वेळ झाला रंग लावून?"

"चाळीस मिनिटं व्हायच्या आधीपासून ते आत्तापर्यंत," सिंकमधून सेक्रेटरीणबाईंचा आवाज आला.

पुढचं सगळं लेकीनं हातात घेतलं, म्हणजे ते झालं. डोकं धुतलं गेलं. केस गडद तपकिरी व्हायचे होते, ते वांग्याच्या सालीच्या रंगाचे झाले. आरशात बघून सेक्रेटरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. सेक्रेटरी एक पाऊल मागे सरून पातेल्यात पाय घालून उभे राहिले. वहिनींचे कपडे पिळून झाले. आणि प्लंबर सिंकखालून बाहेर आला, उभा राहिला आणि म्हणाला, "झालं."

एरवी हा शब्द त्या माणसाच्या तोंडून ऐकायला नानांनी काय वाटेल ते दिलं असतं. पण लेकीनं हात पुसत घराकडे पुन्हा एकदा नजर फिरवली. ओली जमीन, कठड्यावरून ठिबकणारं पायपुसणं, बापाच्या अंगावरचे रंगाचे डाग.

"बाबा, याला घर नीट चालणं म्हणतात का?"

नानांनीही घराकडे बघितलं. हो म्हणण्यासारखं डोळ्यांसमोर काही दिसत नव्हतं.

"ठरलं होतं आपलं. नळ झाला ना? मग सामान बांधायला घेऊ. उद्या निघू."

नाना जमिनीकडे बघत उभे होते. मग प्लंबरनं घसा साफ केला.

"ताई, नळ झाला. पण नळामागची पाइप जुनी आहे. ती बदलल्यानंतरच नळ झाला म्हणायचं."

"मग बदला ना."

"बदलतो की. पण ती सगळ्या मजल्यांची एकच. भिंत फोडल्याशिवाय निघत नाही."

"आणि भिंत फोडायची," वहिनी म्हणाल्या, "तर माझ्या ओट्यामागून. माझा ओटा नवीन करून झाल्यावर. आधी नाही."

"ओटा कधी करणार आहात?"

"हे हो म्हणाल्यावर."

पार्लरताई म्हणाल्या, "आणि माझं लग्नाचं गिऱ्हाईक असतं. ते दिवस संपल्यानंतर."

लेकीची नजर शेवटी सेक्रेटरींवर आली. सेक्रेटरींनी पातेल्यातून पाय बाहेर काढला. ते सरळ उभे राहिले, आणि आकड्यांवर जीव असलेल्या त्या माणसानं आकडा न सांगता बोलायला सुरुवात केली. "पाइप हा सामाईक खर्च. त्याला सभा लागते. सभा कोरम झाल्यावर."

"कोरम कधी होतो तुमच्याकडे?"

"मी सेक्रेटरी झाल्यापासून अजून झालेला नाही."

"आणि ते काही असो," सेक्रेटरीणबाई डोक्याचा टॉवेल घट्ट करत म्हणाल्या, "माझे केस मूळच्या रंगावर येईपर्यंत यांना कुठं न्यायचं नाही. रोज येता-जाता कोणावर तरी डोळे वटारायला माणूस नको का इमारतीत?"

लेक सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. वॉर्डात सगळे एकदम खोटं बोलायला लागले की ते तिला ओळखता येत असे. पण ती फडकं शोधायला लागली.

मंडळी गेली. वहिनी जाताना आपलं नसलेलं एक पातेलंही घेऊन गेल्या. लेक जमीन पुसायला बसली. नाना तिच्यासमोर खुर्चीत बसले. पाय वर घ्यावे लागले, कारण ती मेट्रनच्या पद्धतीनं पुसत होती.

"बाबा, खरं सांगा. एवढी माणसं येतात तुमच्याकडे?"

खोटं बोलायला ही वेळ चांगली होती. नानांना ते जमलं नाही.

"नाही. आई गेल्यापासून कोणी आलं नव्हतं," ते म्हणाले. इतके दिवस ते तारीख सांगत. "आज आले."

फडकं थांबलं. मग तिनं फडकं बादलीत पिळलं, पुन्हा पसरलं, आणि राहिलेला कोपरा नीट पुसून काढला.

"बरं," ती म्हणाली. "कोरम झाल्यावर येईन तुम्हाला न्यायला."

नानांनी पाय खाली ठेवले. जमीन अजून ओलीच होती. "आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत अधूनमधून येत जाईन. न सांगता."

उभ्या जन्मात कोणी न कळवता आलेलं नानांना खपलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालेल."